बी. फार्मचा अर्ज : पर्सेंटाइलआधी कॉलेज तपासा

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न : 'एवढ्या पर्सेंटाइलला कोणते कॉलेज मिळेल?' फार्मसीला जाणाऱ्यांनी त्याआधी वेगळा प्रश्न विचारायला हवा : 'तिथली पदवी घेऊन फार्मासिस्ट म्हणून माझी नोंदणी होईल का?'

मान्यता कशी पाहाल?
१९४८च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीसाठी शिक्षण भारतीय फार्मसी परिषदेची (पीसीआय) मान्यता असलेल्या संस्थेतून व्हावे लागते. गेल्या काही वर्षांत राज्यात फार्मसी कॉलेजे झपाट्याने वाढली. म्हणून जाहिरातीतल्या 'मान्यताप्राप्त' या शब्दावर विसंबू नका. पीसीआयच्या संकेतस्थळावर यंदाची मान्यता तपासा. शक्य असेल तर कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा पाहा, शिकणाऱ्या मुलांशी बोला.

पसंतीक्रम कसा लावाल?
'वरचे कॉलेज आधी टाकले तर खालचे हातचे जाईल,' ही भीती निराधार आहे. कॅप फेरीत तुमची यादी वरून खाली तपासली जाते. वरचे मिळाले नाही, तर पुढच्याचा विचार होतो. म्हणून क्रम आवडीने लावा. मात्र पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले, की ती जागा आपोआप निश्चित होते. जिथे जायचेच नाही, ते नाव यादीत नको.

कागदपत्रे कधी काढाल?
निकालानंतर नव्हे, बारावीच्या वर्षातच. राखीव प्रवर्गासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, ते मिळायला वेळ लागतो. नॉन क्रीमिलेअर प्रमाणपत्राची मुदतही पाहून घ्या. ही कागदपत्रे वेळेत नसतील, तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो आणि हक्काची जागा हुकते. गुणवत्ता यादी आधी तात्पुरती लागते. त्यातले नाव, प्रवर्ग आणि गुण लगेच तपासा. तक्रारीला मोजकेच दिवस मिळतात.

व्यवस्थापन कोट्याची घाई नको
'जागा संपत आल्या' असे फोन येतील. पण सरकारी शुल्क सवलतीच्या योजना साधारणपणे कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांसाठी असतात. कॅपच्या फेऱ्या बाकी असताना पैसे भरू नका.

फॉर्म सायबर कॅफेवाल्याकडे भरायला हरकत नाही. पसंतीची यादी मात्र मुलांनी आणि पालकांनी घरी बसून करावी. त्या कॉलेजात चार वर्षे कॅफेवाल्याला काढायची नाहीत.