रविवारचे चार तास सुनेला द्या, जागा मी सांगते



जैन म्हटलं की पैसेवाले, असं बाहेरचे लोक समजतात. त्यांचं एक वेळ सोडून देऊ. पण आपणही तसंच धरून चालतो, त्याचं काय? आपल्या संभाजीनगरात सराफ्यात पेढी असलेली घरं आहेत, तशी वाळूजला आणि शेंद्र्याला कंपनीत महिना वीस-बावीस हजारांवर राबणारी मुलंही आपलीच आहेत. गुलमंडीवर दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर कापड मोजणारी आहेत. त्यांची लग्नं आपण थाटात लावतो आणि मग एखाद्या मंडळाची ‘कपल पिकनिक’ निघते तेव्हा जोडप्यामागे तीन-साडेतीन हजार वर्गणी ठेवतो. वर ड्रेसचा रंग ठरवतो, म्हणजे तो खर्च वेगळा. ही मुलं येत नाहीत. ‘त्याला सुट्टी नाही’, ‘हिचं डोकं दुखतंय’ अशी कारणं येतात. आपण ती खरी मानतो, कारण तसं मानणं सोयीचं असतं.

या मुलांनी सुट्टीच्या दिवशी काय करावं, हा आजचा विषय. आणि मला भांडायचं आहे ते रिसॉर्टवाल्यांशी नव्हे. तुमच्याशी, सासू झालेल्या माझ्या वयाच्या बायकांशी.

कमी खर्चात जोडप्याने कसं फिरावं याच्या याद्या मोबाईलवर ढिगाने येतात. मेणबत्तीच्या उजेडात जेवण, गच्चीवर चांदणं, घरच्या घरी सिनेमा. मेणबत्तीवर पाखरं येऊन मरतात आणि आपल्याकडे दिवस मावळल्यावर जेवण नाही, तेव्हा पहिली कल्पना तिथेच बाद. घरच्या घरी सिनेमा म्हणजे सासरे, दीर, नणंद आणि मधोमध टीव्ही. या याद्या लिहिणाऱ्यांनी दोन खोल्यांत सहा माणसं राहताना पाहिलेली नसतात. त्यांना वाटतं जोडप्याकडे फक्त पैसा कमी आहे. आपल्या घरांत पैशाच्याही आधी कमी असते ती मोकळीक.

रविवार बघा ना. सगळे घरी म्हणून नाश्ता दोन खेपांत. तो उरकेस्तोवर ‘आज जरा गोड कर’ अशी फर्माईश. आठवड्याचं धुणं, गहू निवडणं, दुपारी कोणीतरी भेटायला येणार. चार वाजता सून मोकळी होते, तेव्हा नवरा झोपलेला. साडेपाचला पुन्हा स्वयंपाक, कारण सूर्यास्ताच्या आत पानं वाढायची. संध्याकाळी सात ते नऊ एवढाच वेळ दोघांना मिळतो आणि त्या वेळात बाहेर पडलं की मॉल, रस्त्यावरची गर्दी नाहीतर हॉटेल. हॉटेलात आपल्याला खाता येत नाही. मॉलमध्ये सिनेमा आणि वर थोडं इकडेतिकडे झालं तरी दीड हजाराला भोक पडतं. मग ते दोघं बेडरूममध्ये बसून आपापला मोबाईल बघतात आणि आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना बोलायलाच नको.

म्हणून म्हणते, आपलं फिरणं सकाळचं हवं. रात्रीभोजन नसणं ही गैरसोय वाटते, पण सकाळी सहाला निघणाऱ्याला ती मोठी सोय आहे. डबा आदल्या दिवशी दुपारीच होतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, गाळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. बाहेरचं काही विकत घ्यायचंच नसेल तर खर्च होणार कशावर?

आता जागा. वेरूळ इथून जेमतेम तीस किलोमीटर. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे दोघांचं जाणं-येणं पावणेदोन माणसांत नव्हे, दीड माणसांत. लेण्यांचं तिकीट माणशी 40 रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. सगळं धरून तीनशेच्या आसपास उरकतं. मंगळवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. कारखान्यात सगळ्यांची सुट्टी रविवारीच येते असं नाही आणि मंगळवारी सुट्टी असणारी जोडपी दारातून परत येतात.

बाकी तुम्ही सगळ्या वेरूळला जाऊन आला आहात, मला माहीत आहे. सोळा नंबरच्या कैलासापुढे फोटो काढला, घृष्णेश्वराच्या रस्त्यावर उसाचा रस प्यायला आणि परत. एकूण चौतीस लेण्यांपैकी शेवटची पाच, तीस ते चौतीस, आपली आहेत. ती उत्तरेच्या टोकाला, कैलासापासून किलोमीटरभर पुढे. तिकडे गर्दी फिरकत नाही. दोन माणसांना शांत बसायला याहून चांगली जागा मी तरी या जिल्ह्यात पाहिलेली नाही.

बत्तीस नंबरला ‘इंद्रसभा’ म्हणतात. नाव चुकून पडलेलं आहे. हत्तीवर बसलेला यक्ष पाहून लोकांना तो इंद्र वाटला. वरच्या मजल्यावर एका बाजूला तो वडाखाली आणि दुसऱ्या बाजूला सिंहावर बसलेली अंबिका, डोक्यावर आंब्याचं झाड, मांडीवर मूल. आमच्या पाहुण्यांना ती ‘इंद्राणी’ म्हणून दाखवली होती. ती नेमिनाथ भगवानांची यक्षी. तिची कथा पाठशाळेत आपण मुलांना सांगतो, पण घाईघाईने. अग्निला नावाची ब्राह्मणाची बायको. घरात श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, ब्राह्मण अजून जेवायचे होते आणि तिने दारात आलेल्या जैन मुनींना आहार दिला. स्वयंपाक उष्टा केला म्हणून नवऱ्याने तिला दोन मुलांसकट घराबाहेर काढलं. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, तो तिला आणायला मागे धावला. ती समजली मारायलाच येतोय. भीतीने तिने जीव दिला आणि यक्षी झाली. तोही मेला आणि तिचं वाहन असलेला सिंह झाला. कथेचे पाठभेद आहेत, पण मतितार्थ हाच.

त्या मूर्तीपुढे नव्या जोडप्याने एकत्र उभं राहावं असं मला वाटतं. नवरा मागून हाक मारतोय आणि बायकोला ती हाक धमकी वाटते. इतकं अंतर पडायला काय लागतं? स्वयंपाकघरातला एक प्रसंग, आणि दोघांनी त्यावर एकमेकांशी कधीच न बोलणं. अशी घरं आपल्या आसपास आहेत. लग्न मोडायला निघाल्यावर पंच बसतात, समुपदेशक शोधले जातात, तेव्हा कोणी विचारत नाही की दोन वर्षांत ही दोघं एकटी कुठे गेली होती.

पाय धड असतील तर लेण्यांच्या वरच्या डोंगरावरही जा. तिथे पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आहे, तिच्यावर शके 1156 चा लेख आहे. पावसाळ्यात एकोणतीस नंबरच्या लेण्याशेजारी धबधबा कोसळतो. चातुर्मासात हिरवळ तुडवायची नाही हे मान्य, मग फरसबंदीवरून चाला. धबधबा तिथूनही दिसतो.

एवढंही जमत नसेल तर शहरात या. गोगाबाबा टेकडीला तिकीट नाही. उन्हाळ्यातसुद्धा सकाळी सहाला वर वारा असतो आणि खाली सगळं शहर झोपलेलं. विद्यापीठाचा रस्ता, त्यामागची औरंगाबाद लेणी. ती बौद्ध आहेत, तिकीट मामुली आणि रविवारीही शांतता. बीबी का मकबरा सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शब्द घालवत नाही. पाणचक्कीच्या हौदाजवळ वडाखाली अर्धा तास बसा. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून तिथवर आणलेलं आहे आणि एकेकाळी त्याच पाण्यावर जातं फिरायचं. दळण दळून कंटाळलेल्या बाईला हे बघायला आवडतं, माझा अनुभव आहे. लांब जायचं तर पैठण. मुनिसुव्रतनाथांचं दर्शन, आणि हिवाळा असेल तर नाथसागराच्या काठावर पाहुणे पक्षी. किंवा कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथ. मात्र कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत नको, तिथे त्या दिवशी अर्धा समाज भेटतो आणि ‘एकटेच आलात?’ असं विचारतो.

या प्रश्नावर माझं डोकं फिरतं. दोन माणसं आली आहेत, एकटी कशी?

‘जायचं तर सगळे मिळून जाऊ की’ म्हणणाऱ्यांचं प्रेम खरं असतं, मी नाकारत नाही. पण मग अकरा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर ठरते. सून पहाटे चारला उठून अकरा जणांचा डबा करते. गाडीत मागच्या सीटवर मुलांना उलट्या होऊ नयेत म्हणून ती बसते, नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी वडिलांबरोबर. तिथे पोचल्यावर सतरंजी ती अंथरते, वाढते ती, ताटं विसळते ती. घरी आल्यावर सगळे म्हणतात, बरं झालं, सुनेलाही जरा बदल झाला. बदल झाला खरा, ओट्याच्या जागी सतरंजी आली. सगळ्यांनी मिळून जरूर जावं, वर्षातून चारदा जावं, पण ते जोडप्याचं फिरणं म्हणून खात्यावर लिहू नये.

‘आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?’ नव्हतं. आमच्या वेळी मिक्सरही नव्हता, तो आपण लगेच घेतला.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर, म्हणून त्याला नीट उत्तर देते. ‘हा प्रमाद आहे, तेवढा वेळ सामायिकाला द्या.’ सामायिक करावंच. पण श्रावकाच्या अणुव्रतांत ब्रह्मचर्याचं रूप स्वदारसंतोष असं सांगितलं आहे, आपल्या बाजूने स्वपतिसंतोष. ज्या माणसाशी आठवड्यात सलग अर्धा तास बोलायला मिळत नाही त्याच्यात संतोष मानायचा कसा? मुनींना घर नसतं, त्यांचा मार्ग वेगळा. गृहस्थाला घर दिलं आहे तर ते नीट चालवणं हाही त्याच्या व्रतांचाच भाग आहे. आणि अनर्थदंड शोधायचाच असेल तर एका दिवसापुरत्या एका रंगाच्या पन्नास साड्यांत शोधा, चाळीस रुपयांच्या तिकिटात सापडणार नाही.

आमच्या घरी महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार माझा. सकाळी सहा ते अकरा ओटा माझ्याकडे, नातू माझ्याकडे. पहिल्या दोन रविवारी सून निघताना तीनदा वळून ‘जाऊ ना?’ म्हणाली. आता विचारत नाही, डबा उचलते आणि जाते. परत आल्यावर कुठे गेला होता हे मी विचारत नाही. हे सगळ्यात अवघड गेलं, खोटं कशाला बोलू!

ज्यांच्या घरी मूल सांभाळायला कोणी नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट मंडळासमोर ठेवते. रविवारी सकाळी मंदिरात पाठशाळा असतेच. मुलं आत दीड-दोन तास असतात आणि त्यांच्या आया बाहेर पायऱ्यांवर चपला राखत बसतात. पाठशाळा सुटल्यावर मुलांना नाश्ता द्यायचा आणि आणखी दोन तास त्यांना तिथेच खेळवायचं. पंचवीस मुलांचे पोहे करायला तीन बायका पुरतात आणि पिकनिकच्या दोन जोडप्यांच्या वर्गणीत ते पोहे कितीतरी महिने होतात. पहिल्या रविवारी मी येते. पोहे भिजवायला दोघी जणी हव्यात, नावं मंडळाच्या सचिवांकडे शुक्रवारपर्यंत द्या.