डब्यावरचे हजार वॉट

ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना नीरास्नान घडवून पालखी लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा माझ्या दुकानाचं शटर मध्यरात्र उलटली तरी खाली येत नाही. बॅटरी आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं हे दुकान मी 26 वर्षं चालवतो आहे. दिंड्यांचे ट्रक रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागतात. तंबू ठोकले जातात, चुली पेटतात, आणि अंधार पडला की कुणीतरी दिंडीचालक जळका वास येणारा पत्र्याचा डबा काखोटीला मारून दुकानात शिरतो. "माउली, हा बंद पडला. घेऊन आठ दिवसबी झाले न्हाईत."

मागच्या वारीत आलेल्या अशाच एका डब्यावर ठळक अक्षरांत 1000 वॉट छापलं होतं. मी चार स्क्रू काढून झाकण उघडलं आणि दिंडीचालकबाबांना आतले फ्यूज दाखवले. 20 अँपिअरचे दोन. म्हणजे हा डबा बॅटरीकडून सगळा मिळून 40 अँपिअर करंट घेणार, त्यापुढे फ्यूज जाणार. 40 गुणिले 12 व्होल्ट म्हणजे 480 वॉट. त्यातले दहा-पंधरा टक्के उष्णता होऊन जातात. हाती उरतात चारशेच्या आसपास. मग ते हजार कुठले? मोटर सुरू होताना लागणारा झटका हा इन्व्हर्टर क्षणभर पेलू शकतो, असा दावा करणारा तो आकडा. डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं, पण ते वाचायला मला चष्मा लावावा लागला. बाबांनी मात्र हजारावर विश्वास ठेवून त्यावर चटणी वाटायचा मिक्सर, स्पीकर आणि दिवे असं सगळं एकदम लावलं होतं.

डबा लहान निघाला, एवढ्यावर ते दुखणं थांबत नव्हतं. मी टॉर्च घेऊन ट्रकपाशी गेलो. मोठ्या ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची असते, 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या. इन्व्हर्टर होता 12 व्होल्टचा. ज्या कुणी तो जोडून दिला होता, त्यानं दोनपैकी एकाच बॅटरीवरून दोन वायरी काढल्या होत्या. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ट्रकवाल्यानं "सकाळी सेल्फ मारत नाही" म्हटलं की मी आधी तेच तपासतो. एक बॅटरी रोज रात्री उतरते, दुसरी भरलेलीच राहते. इंजिन चालू झालं की डायनामो दोघींना मिळून एकच चार्जिंग देतो. भरलेली बॅटरी जास्तीच्या चार्जिंगनं उकळते, तिचं पाणी आटतं. उतरलेली कधीच पुरती भरत नाही. थोड्याच दिवसांत दोन्ही कामातून जातात. ट्रकवर 24 व्होल्टचाच इन्व्हर्टर लावावा, किंवा मधे 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर घालावा.

आणि ती वायर! घरातल्या बोर्डाला वापरतात ती अडीच एमएमची. बॅटरीच्या पेटीपासून ट्रकच्या हौद्यापर्यंत चार मीटर, जाऊन-येऊन आठ. त्यातून 40 अँपिअर ओढले तर वायरीतच सव्वादोन व्होल्टच्या वर जिरतात. बॅटरीशी 12 व्होल्ट असले तरी इन्व्हर्टरला पोचतात पावणेदहा. साडेदहाच्या खाली गेलं की बहुतेक इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद होतात. लोक म्हणतात बॅटरी खराब आहे, आणि नवी बॅटरी घेतात. त्याच जागी 25 एमएमची तांब्याची केबल, दाबून बसवलेले लग घातले, तर पाव व्होल्टही पडत नाही. केबलीचे पैसे जातात हे खरं, पण बॅटरीच्या पैशांपुढे ते काहीच नाहीत.

त्या रात्री मला सर्वांत जास्त भीती वाटली ती मात्र निराळ्याच गोष्टीची. ती वायर फळीच्या कडेवरून वाकवून नेलेली होती. ट्रकच्या हादऱ्यानं तिचं आवरण घासून तांबं दिसायला लागलं होतं. बॅटरीपाशी फ्यूज नव्हता. वायरीपासून हातभर अंतरावर दिंडीच्या स्वयंपाकाचे गॅस सिलिंडर उभे होते, वर ताडपत्री होती. ट्रकची बॅटरी शॉर्ट झाली तर हजार अँपिअरच्याही वर करंट सोडते. तेवढ्या करंटनं ती वायर पाहता पाहता लाल होते. इन्व्हर्टरच्या आतले फ्यूज तिथे काहीच कामाचे नसतात, कारण शॉर्ट त्यांच्या अलीकडे झालेला असतो. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात बसवलेला फ्यूजच वायरीला वाचवतो. मी तो तिथल्या तिथे बसवून दिला. बाबा पैसे विचारत होते, मी म्हटलं, "माउली, आधी ते सिलिंडर दुसरीकडे हलवा."

मला तक्रार करायची आहे ती या धंद्यातल्या सवयीची. इन्व्हर्टर हा वॉटच्या आकड्यावर विकला जातो, जणू तो वीज तयार करतो. तो वीज तयार करत नाही. बॅटरीत जेवढी आहे तेवढीच, त्यातली काही स्वतः खाऊन, 12 व्होल्टची 230 करून देतो. म्हणून खरेदी उलट्या दिशेनं व्हायला हवी. काय चालवायचं, किती तास चालवायचं, ते आधी कागदावर लिहायचं. त्यावरून बॅटरी ठरते, बॅटरी भरायची सोय ठरते, मग केबल. इन्व्हर्टर शेवटी. आमच्या काउंटरवर मात्र पहिला प्रश्न असतो, "किती वॉटचा पाहिजे?" पहिली चार-पाच वर्षं मीही तोच प्रश्न विचारत होतो. ते चुकलं होतं.

दिंडीचंच घ्या. मोबाइल ही किरकोळ गोष्ट वाटते. 5000 एमएएचचा फोन भरायला, वाटेतलं नुकसान धरून, साधारण 25 वॉट-तास लागतात. 60 वारकऱ्यांचे फोन म्हणजे 1500 वॉट-तास. 150 अँपिअर-तासाची बॅटरी नावाला 1800 वॉट-तासांची. पण शिशाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर मरते, म्हणून हिशेबात धरायचे 900. बॅटरीवर लिहिलेली क्षमताही 20 तासांत सावकाश उतरवल्यावरची असते. दोन-तीन तासांत ओरबाडली तर तेवढी मिळत नाही. म्हणजे एकट्या फोनांनाच ती बॅटरी पुरत नाही, दिवे आणि माइक दूरच राहिले. आणि वारीत ट्रक रोज जेमतेम एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर जातो. तेवढ्या चालण्यानं ती भरतही नाही.

या दिंडीला मी सांगितलं ते असं. ट्रकच्या बॅटऱ्यांना हात लावू नका. त्यांच्या पातळ प्लेटा सेल्फसाठी क्षणभर खूप करंट द्यायला केलेल्या असतात, रात्रभर दिवे जाळायला नव्हे. दिंडीची वेगळी ट्यूब्युलर बॅटरी ठेवा, एक पुरत नसेल तर दोन. ट्रकच्या टपावर सोलर पॅनेल टाका, आणि आषाढातलं आभाळ ढगाळ असतं हे धरून हिशेबापेक्षा दुप्पट टाका. बॅटरी झाकलेल्या पेटीत कोंडू नका, चार्जिंग होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आणि फोन इन्व्हर्टरवर लावूच नका. 12 व्होल्टवर थेट चालणारे यूएसबी चार्जर मिळतात. 12 चे 230 करायचे आणि चार्जरनं पुन्हा त्याचे 5 करायचे, यात दोनदा वीज वाया जाते.

याच कारणासाठी कधी कधी मी इन्व्हर्टर विकायलाच नकार देतो. आमच्या माणदेशाकडचे, फलटण-खंडाळ्याकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. घोड्यावर सगळा संसार. दोन वर्षांमागे एक जोडपं आलं, इन्व्हर्टर मागत होतं. विचारलं, काय चालवायचंय? दोन दिवे आणि तीन फोन. 5 वॉटचे दोन 12 व्होल्टचे बल्ब चार तास, म्हणजे 40 वॉट-तास. तीन फोन, 75. त्यांना मी 40 वॉटचं पॅनेल, चार्ज कंट्रोलर आणि 12 अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी दिली. दीडशे वॉट-तास, वजनाला हलकी, निम्म्याखाली उतरवली तरी बिघडत नाही. पॅनेल घोड्याच्या पाठीवर बांधता येतं. इन्व्हर्टर दिला असता तर तो कुठलाही दिवा न लावता, नुसता चालू राहून रात्रभरात त्यांची निम्मी बॅटरी खाऊन बसला असता. मोठा इन्व्हर्टर घेतला की निश्चिंत, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. रिकामा चालू असताना 15 वॉट खाणारा इन्व्हर्टर दिवसभरात 360 वॉट-तास म्हणजे 30 अँपिअर-तास गिळतो.

आता वेव्हचा विषय. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाटेची वीज देतात, महाग साइन वेव्ह म्हणजे महावितरणच्या विजेसारखी. लॅपटॉपचा चार्जर, चांगला एलईडी बल्ब यांना चौकोनी बहुधा चालते. पंखा गुणगुणतो, मोटर तापते, फ्रिजचा कॉम्प्रेसर कण्हतो. साध्या मल्टीमीटरनं अशा इन्व्हर्टरचं व्होल्टेज मोजलं तर 180 च्या आसपास दिसतं, खरं 230 असतानासुद्धा, कारण तो मीटर साइन वेव्हच गृहीत धरतो. हे ठाऊक नसलेले काही कारागीर आतला प्रीसेट फिरवून 'व्होल्टेज वाढवतात' आणि गिऱ्हाइकाची उपकरणं जाळतात. सगळ्यांनी साइन वेव्हच घ्यावा असं मी म्हणणार नाही, दोन बल्बांसाठी ते पैसे कशाला? पण जिथे मोटर, कॉम्प्रेसर किंवा औषधोपचाराचं यंत्र आहे तिथे दुसरा विचार करू नये.

हे इतक्या ठामपणे सांगतो त्याला 2021 च्या मे महिन्यातली एक रात्र कारणीभूत आहे. जवळच्या गावचा एक मुलगा वडिलांसाठी 5 लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेऊन आला होता, आणि गाडीतून नेताना चालवायला म्हणून कुणीतरी त्याला विकलेला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर. तो गाडीच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचा होता. अशा सॉकेटचा फ्यूज बहुधा 10 ते 20 अँपिअरचा असतो, सव्वाशे ते फार तर सव्वादोनशे वॉट. कॉन्सन्ट्रेटर घेतो साडेतीनशेच्या घरात, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. वाटेत, अंधारात, तो फ्यूज गेलाच असता. मी दुकानातला साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि भरलेल्या दोन बॅटऱ्या जाड केबलीनं जोडून त्याच्या गाडीत ठेवल्या आणि पुण्यापर्यंत सोबत गेलो. ज्यानं तो डबा विकला, त्यानं "कशासाठी पाहिजे?" एवढं एकदा विचारलं असतं तर पोराची ती धावाधाव टळली असती.

आणखी एक, आमच्या वायरमन लोकांसाठी. लाइट गेली की काही जण इन्व्हर्टरची किंवा जनरेटरची वायर दोन्ही टोकांना पिना लावून भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतात, म्हणजे सगळं घर उजळतं. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज उलटी लाइनवर जाते, आणि ट्रान्सफॉर्मरमधून तिचं व्होल्टेज चढतं. खांबावर चढलेल्या माणसाला वाटतं, लाइन बंद आहे. असं करू नका. चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

मागणी माझी साधी आहे, पण सरकारनं ती सक्तीची करावी. डब्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत सतत मिळणारे वॉट छापले पाहिजेत, तेही आपल्या उन्हाळ्यातल्या 45 अंशांत मिळणारे. क्षणभराचा आकडा त्याहून लहान अक्षरांत. वेव्ह कुठली, रिकामा असताना किती वीज खातो, किती एमएमची केबल आणि किती अँपिअरचा फ्यूज लागतो, हे मराठीत. पंख्यावर आणि फ्रिजवर ताऱ्यांचं लेबल आलं, लोक ते वाचायला शिकले. हेही वाचतील. आणि डब्यासोबत करंगळीपेक्षा बारीक, चिमट्यांच्या वायरी देणं बंद झालं पाहिजे. त्या वायरींवर डब्यावरचे हजार वॉट कधीच चालणार नाहीत, हे त्या बनवणाऱ्यालाही पक्कं माहीत असतं.

तोवर दिंडीचालकांना, ट्रकवाल्यांना, ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांच्या मुकादमांना माझी हात जोडून विनंती आहे. निघायच्या आधी आपापल्या गावच्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी न्या आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे का, एवढं बघून घ्या. नसेल तर बसवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.