मुखवटा काढायचा तर कोणाचा?

टोपणनावाने लिहायलाच बंदी घाला, प्रत्येक खात्याला आधार जोडा, म्हणजे सोशल मीडियावरची घाण थांबेल, असे आता आपलेही काही कार्यकर्ते बोलू लागले आहेत. त्यांचा संताप आम्हाला कळतो. १४ एप्रिल जवळ आला की बाबासाहेबांची विटंबना करणारी चित्रे बिननावाच्या खात्यांवरून फिरू लागतात. तरीही या मागणीला आमचा विरोध आहे.

आमच्या रत्नागिरीत नाव हे नुसते नाव नसते. आडनाव सांगितले की वाडी कळते, वाडी कळली की जात. गावच्या पाणवठ्यावर, देवळाच्या मानपानावर एखाद्या पोराने खऱ्या नावाने चार ओळी लिहिल्या, तर जाब त्याला नाही, मालकाच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या त्याच्या बापाला विचारला जातो. नावाची सक्ती झाली तर गप्प कोण बसेल? शिव्या देणारे तर आजही स्वतःच्या फोटोसकट शिव्या देतात!

२०१२ साली पालघरच्या दोन मुलींनी खऱ्या नावानेच मुंबई बंदबद्दल मत मांडले होते. एकीने लिहिले, दुसरीने लाइक केले. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचा दवाखाना फोडला गेला. त्या प्रकरणातले कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. फुटलेला दवाखाना मात्र फुटलाच.

आणि टोपणनाव म्हणजे भित्रेपणा, हे आम्हाला कोणी शिकवू नये. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांवर १८९७ साली राजद्रोहाचा खटला चालला, त्यात केसरीत टोपणनावाने छापलेली कविताही होती. दीड वर्षाची शिक्षा झाली ती छापणाऱ्या टिळकांना. आजच्या कंपन्या मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ आड निवांत बसतात. ‘सरकारचे जावई’ ही जातीवाचक शिवी आहे, हे त्यांच्या यंत्राला कोण सांगणार?

हवा तो कायदा हातात आहे. आमच्या समाजाला वंदनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी किंवा अन्य मार्गाने अवमान करणे हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(व्ही) खाली गुन्हा आहे. २०२१ च्या नियमांनुसार तपास यंत्रणेने लेखी मागितल्यास कंपनीला ७२ तासांत माहिती द्यावी लागते. म्हणजे एका गुन्हेगाराचा मुखवटा काढायला सगळ्या जगाची ओळखपत्रे नकोत, एक गुन्हा नोंदवून घेणारा अंमलदार हवा. एका ठाण्यात आम्हाला ऐकवले गेले, “खाते बोगस आहे, कुठे शोधणार?” काढून टाकलेल्या मजकुराची नोंद कंपनीने १८० दिवस ठेवायची असते. ते दिवस असेच जातात.

म्हणून यापुढे तोंडी तक्रार नको. लिंक आणि वेळेसकट लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गुन्हा नोंदवायला टाळाटाळ झाली तर कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी त्याच कायद्यात कलम ४ आहे. पुढच्या अर्जात तेही लिहा.