भाषा प्रयोगशाळेची किल्ली

मराठी विभागाला प्रयोगशाळा असते हे ऐकून विज्ञान शाखेतील आमचे सहकारी अद्यापही हसतात. त्या हसण्यात थोडे तथ्य आहे. आमची ‘भाषा प्रयोगशाळा’ म्हणजे बारा संगणक, तितकेच हेडफोन, एक कपाट आणि एक जडवस्तू संग्रह नोंदवही. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा परिचर मिळतो. मराठीला तो कशाला हवा, असे गृहीत असल्यामुळे धूळ पुसण्यापासून तुटलेल्या हेडफोनच्या निर्लेखनाचा प्रस्ताव लिहिण्यापर्यंत सारे अध्यापकांकडेच येते. मूल्यांकन समिती यायची असली की या कक्षाला पडदे लागतात. समिती गेली की किल्ली पुन्हा आमच्या खणात.

संगणकांसोबत जी महागडी प्रणाली आली, ती इंग्रजी उच्चार ‘सुधारण्या’ची. मराठीच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही. आमचे बहुतेक काम चालते ते अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील बोर्स्मा आणि वेनिंक यांनी तयार केलेल्या ‘प्राट’ या विनामूल्य प्रणालीवर. पंखे बंद करावे लागतात, कारण त्यांची घरघर ध्वनिमुद्रणात उतरते. एप्रिलमध्ये हा प्रयोग शास्त्रापेक्षा तपश्चर्येच्या जवळ जातो.

परंतु एकदा का पडद्यावर ध्वनिलेख उमटला, की पाठ्यपुस्तकातील स्वनविचार सजीव होतो. ‘जग’ हा शब्द दोनदा उच्चारायला सांगावा, एकदा विश्व या अर्थी आणि एकदा ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप म्हणून. देवनागरीला एकच अक्षर पुरते. पण दंततालव्य ‘ज’च्या घर्षणाची ऊर्जा तालव्य ‘ज’पेक्षा वरच्या कंप्रतेकडे सरकलेली दिसते. लिपी जे झाकते ते कानाने ऐकले होते, आता डोळ्यांनीही दिसते. अशोक केळकरांनी १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठातील प्रबंधात मराठीची स्वनव्यवस्था मांडली. तिचे एखादे सूत्र स्वतःच्या आवाजावर पडताळून पाहणारा विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करीत नाही, असा आमचा अनुभव आहे.

याहून मोठा लाभ वेगळाच आहे. वऱ्हाडातून आलेल्या एका विद्यार्थिनीने आपल्या आजीचे बोलणे भ्रमणध्वनीवर मुद्रित करून आणले. आजी ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते, ‘पाणी’ला ‘पानी’. शाळेत याच उच्चारांपायी ही मुलगी ओशाळली होती. येथे मात्र तिने ‘ळ’च्या जागी येणाऱ्या ‘य’ची सारी उदाहरणे वेचून त्यांची सारणी केली, आणि वर्गात प्रश्न विचारला की याला चूक म्हणायचे तर ती इतकी नियमित कशी? या प्रश्नासाठी आम्ही बारा संगणकांची धूळ आनंदाने पुसू.

ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या जोडीने १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषा-बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा बोलीबोलीत सांगवून घेण्याची त्यांची पद्धत आज कृत्रिम वाटते. पण तबकड्या जपल्या गेल्या म्हणून ते आवाज आज ऐकता येतात. आमच्या कपाटातील मुद्रणे मात्र एका जुन्या हार्ड डिस्कवर आहेत. तिची दुसरी प्रत करण्यासाठी मागितलेल्या रकमेवर ‘तूर्त आवश्यकता नाही’ असा शेरा आला. त्याच सत्रात कक्षाबाहेरचा फलक नवा झाला.

आता या कक्षाचे ‘संवादकौशल्य केंद्र’ करावे असा प्रस्ताव आहे. मुलाखतीला सामोरे जाण्याचे कौशल्य विद्यार्थ्यांना हवेच, त्याबद्दल आमचा वाद नाही. ते शिकवायला कोणतीही खोली चालेल. मात्र प्रमाण उच्चारांच्या कवायतीसाठी ही यंत्रे गेली, तर ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलीला पुन्हा ओशाळावे लागेल, आणि या वेळी महाविद्यालयाच्या खर्चाने. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा याच कक्षासमोर रांगोळी काढली होती. त्या उत्साहातून एका अर्धवेळ तंत्रसाहाय्यकाची नेमणूक आणि आठवड्यातील दोन प्रात्यक्षिक तासांची कार्यभारात गणना एवढे जरी निघाले, तरी आमचे भागेल. तसे पत्र आम्ही दिले आहे. दरम्यान हार्ड डिस्कची प्रत वर्गणी काढून करण्याचे विभागाने ठरविले असून, मुद्रणांवर गाव, वय आणि तारीख लिहिण्याचे काम द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केले आहे.