गारीकून

फराळाचे ताट पुढ्यात असताना बुरशीचे नाव काढू नये, हे मला कळते. पण आज जिच्याविषयी लिहायचे आहे, ती आपल्या चकलीच्या डब्यात शिरण्याची मुळीच भीती नाही. बाईसाहेबांना राहायला शेकडो वर्षांचा वृक्ष लागतो!

झाले असे, की दिवाळीच्या आवराआवरीत आजोबांची औषधांची जुनी वही हाती लागली. आजीच्या क्षयावर कुणा हकिमांनी सांगितलेल्या औषधांत एक नाव होते, ‘गारीकून’. पुढे कंसात ‘फार कडू. रात्रीच्या घामावर.’ एखादी मुळी असेल म्हणून शोधू लागलो, तर निघाली बुरशी! आल्प्स, सायबेरिया आणि उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा येथील लार्च, डग्लस फर अशा सूचिपर्णी वृक्षांच्या खोडावर ती मधाच्या पोळ्यासारखी लोंबते. थरावर थर चढवीत कित्येक दशके वाढते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने तिचे गुण लिहून ठेवले. पुढे अरबांच्या वैद्यकातून ती युनानीत आली आणि तेथून आमच्या वहीत.

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हैडा, त्लिंगित वगैरे लोकांचे मांत्रिक तर हिच्यातून मूर्ती कोरीत. मांत्रिक वारला, की ती मूर्ती राखणदार म्हणून त्याच्या थडग्यापाशी ठेवीत. एकोणिसाव्या शतकात संग्राहकांनी त्या उचलून वस्तुसंग्रहालयांत नेल्या आणि लाकडाच्या समजून मांडल्या. त्या बुरशीच्या आहेत, हे 1992 साली संशोधकांनी दाखवून दिले. राखणदाराला कुणी ओळखलेसुद्धा नाही!

आता ती स्वतःच संकटात आहे. 2019 साली तिचे नाव जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदले गेले. जुनी अरण्ये तुटली, हे पहिले कारण. औषधासाठी तिला खरवडून नेले, हे दुसरे. नवी झाडे लावतात हो; पण ती काही दशकांतच कापली जातात. ही तर म्हाताऱ्या झाडाच्या गाभ्यात राहणारी. तो गाभा ती पोखरते, म्हणून लाकूडवाल्यांना ती नकोशी.

बरे, औषधात तथ्य होते का? 2013 साली तिच्यातून अशी दोन संयुगे वेगळी केली गेली, की जी क्षयाच्या जंतूंना रोखतात. काचेच्या नळीत हं, माणसाच्या छातीत नव्हे! त्यावरून कुणी घरगुती प्रयोग करू नयेत.

आजीला मात्र गुण आला नाही. ती गेली, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन निघायला अजून पाच वर्षे होती. ‘गारीकून’च्या पुढे आजोबांनी तीनदा पैसे दिल्याची नोंद आहे, चौथी नाही.

सूनबाई विचारीत होती, “बाबा, ही वही रद्दीत घालू का?” म्हटले, राहू दे.