विश्लेषण : जिवाणू पाण्यातले मीठ काढतील, पण ते टाकायचे कुठे?

प्रवरा-मुळा पट्ट्यात मचूळ पाणी कुणाला नवीन नाही. हंड्याला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल लवकर जाते आणि प्यायला २० लिटरचा जार येतो. त्या जारमागच्या आरओ यंत्राला वीज लागते, शिवाय ते आणखी खारे झालेले पाणी गटारात सोडते. म्हणूनच ‘सांडपाण्यावर चालणारे, जवळपास विजेशिवाय पाणी गोडे करणारे यंत्र’ असे वाचले की मोबाइलवरचे बोट थांबते. हे तंत्रज्ञान खरे आहे. पण अहिल्यानगर जिल्ह्यात ते आणायचे की नाही, हे दोन प्रश्नांवर ठरले पाहिजे. कार्बनचा इलेक्ट्रोड किती वीज वाहून नेतो? आणि निघालेले मीठ जाते कुठे?

यंत्र चालते कसे?

यात तीन कप्पे असतात. पहिल्यात सांडपाणी आणि कार्बनचा इलेक्ट्रोड. त्यावर वाढणारे जिवाणू घाण खातात आणि इलेक्ट्रॉन त्या कार्बनला देतात. हे इलेक्ट्रॉन तारेतून तिसऱ्या कप्प्यातल्या इलेक्ट्रोडकडे जातात. मधल्या कप्प्यात खारे पाणी असते. विजेचा तोल राखण्यासाठी त्यातले क्लोराइड एका पडद्यातून पहिल्या कप्प्यात, तर सोडियम दुसऱ्या पडद्यातून तिसऱ्या कप्प्यात सरकते. मधले पाणी गोडे होत जाते. सांडपाणी त्यात मिसळत नाही, तरी पिण्याआधी निर्जंतुकीकरण करावेच लागते.

जिवाणूंपासून वीज मिळते हे एम. सी. पॉटर यांनी १९११ मध्येच दाखवले होते. चीनचे त्सिंगुआ विद्यापीठ आणि अमेरिकेचे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये त्यातून मीठ काढून दाखवले, प्रयोगशाळेतल्या छोट्या यंत्रात सुमारे ९० टक्क्यांपर्यंत. युरोपीय संघाच्या पैशातून २०१६ मध्ये ‘मायडेस’ प्रकल्प सुरू झाला. समुद्राचे एक हजार लिटर पाणी गोडे करायला आरओला साधारण ३ युनिट वीज लागते. ती अर्ध्या युनिटवर आणायचे त्याचे उद्दिष्ट होते. आपल्याकडे आयआयटी खरगपूरमध्ये प्रा. मकरंद घांगरेकर यांच्या गटाने सांडपाण्यातून वीज मिळवण्यावर बरीच वर्षे काम केले आहे.

मग अडते कुठे?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही प्लास्टिकच्या बरणीत असाच एक सेल केला होता. मल्टिमीटरवर अर्धा व्होल्ट दिसला, टाळ्या पडल्या. पण साधा एलईडी काही लागला नाही. व्होल्टेज कमी होतेच, करंट तर जवळजवळ नव्हताच. मीठ काढायला मात्र करंटच लागतो.

हिशोब सोपा आहे. एक लिटरमध्ये २ ग्रॅम क्षार असलेले १,००० लिटर पाणी घेतले आणि ते भारतीय मानकाच्या ५०० मिलिग्रॅम या इष्ट मर्यादेवर आणायचे ठरवले, तर दीड किलो क्षार काढावे लागतात. हे सगळे साधे मीठ धरले, तर एका दिवसात ते काढायला अखंड सुमारे २९ अँपिअर करंट हवा. चांगला चाललेला इलेक्ट्रोड दर चौरस मीटरला १ ते ५ अँपिअर देतो असे धरू. म्हणजे ६ ते २९ चौरस मीटर इलेक्ट्रोड लागला, तोही फक्त हजार लिटरसाठी. शिवाय पाणी गोडे होत गेले की त्यातून करंट जायला अडथळा वाढतो. शेवटचे मीठ काढणे सगळ्यात अवघड.

म्हणून सगळी मदार कार्बनवर आहे. ग्रॅफाइट फेल्ट, कार्बन कापड किंवा कार्बन धाग्यांचा ब्रश चांगले काम करतात, कारण जिवाणूंना बसायला भरपूर जागा मिळते. पण ते महाग पडतात. तिसऱ्या कप्प्यात प्लॅटिनमऐवजी सक्रिय कोळसा चालतो, ही मोठी बचत. मग उसाच्या बगॅसचा कोळसा का नाही? जरूर, पण ४००-५०० अंशांवर भाजलेला कोळसा वीज नीट वाहत नाही. त्यासाठी ८००-९०० अंशांच्या पुढे जावे लागते आणि तिथे इंधनाचा खर्च येतो. त्यात आपले पाणी जड. गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच पांढरा थर तिसऱ्या कप्प्यातल्या कार्बनवरही बसणार.

आणि मीठ?

दिवसाला १० हजार लिटर पाणी देणारा गावचा प्रकल्प वरच्या हिशोबाने रोज १५ किलो, म्हणजे वर्षाला जवळपास साडेपाच टन क्षार बाजूला काढेल. ते नाहीसे होत नाहीत, सांडपाण्यात उतरतात. ‘त्याच जमिनीतून आले होते, परत गेले तर बिघडले काय?’ असे कुणी म्हणेल. बिघडते ते एकाच जागी साठण्यामुळे.

या जिल्ह्याने ते पाहिले आहे. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांनी ऊस आणला, उसाने साखर कारखाने आणले. पण निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाण्याची पातळी वर आली, पाणी उडून गेले आणि क्षार मागे राहिले. क्षारपड, चोपण झालेली राने पुन्हा पिकाखाली आणायला किती पैसा आणि किती वर्षे लागतात, ते ज्याचे रान आहे त्याला विचारा. त्यात ‘प्रक्रिया केलेले सांडपाणी’ म्हणून हे खारे पाणी उसाला सोडले, तर गावाला गोडे पाणी मिळेल आणि शिवार खारे होईल. हाच प्रश्न आज आरओच्या गटारालाही विचारायला हवा.

काय करावे?

माझे मत असे : गावाच्या पिण्याच्या पाण्यावर पहिला प्रयोग नको. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि एखादा साखर कारखाना यांनी कारखान्याच्याच सांडपाण्यावर तो करावा. बगॅसचा कोळसा आणि विकतचा कार्बन फेल्ट शेजारी शेजारी, वर्षभर, आपल्याच विहिरीच्या पाण्यावर चालवावेत. करंट किती आला, किती महिन्यांनी घटला, इलेक्ट्रोड बदलायचा खर्च किती आणि मिठाचे काय केले, हे चारही आकडे लोकांसमोर मांडावेत.

कोणी असे यंत्र घेऊन तुमच्या ग्रामसभेत आले, तर विजेची बचत ऐकून घ्या. मग विचारा : मिठाची टाकी कुठे आहे?