झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो शेतकरी नसावा, अशी माझी खात्री आहे. सावकार असेल, वतनाचा दावा लढवणारा कुणी भाऊबंद असेल, फार तर आमच्यासारखा एखादा मास्तर असेल. पण मातीत हात घातलेला माणूस तो नव्हे. मूठ झाकून पेरणी होत नाही. पेरायचे तर मूठ उघडावी लागते, आणि एकदा उघडली की दाणा आपल्याच वाफ्यात पडेल याची हमी वारा देत नाही.

हे सांगायचे कारण, मला यंदा गांजाच्या शेतीवर लिहायचे आहे. दचकू नका, वाचकहो. दिवाळीचा अंक घरातल्या सर्वांच्या हाती पडतो हे मी जाणतो. त्या घरांतल्या पोरांना मीच तर शाळेत शिकवतो. मी गांजा ओढीत नाही, कुणी ओढावा असे मला वाटत नाही, आणि माझ्या वर्गातला मुलगा त्या वाटेला गेलेला दिसला तर त्याचा कान माझ्या हातात सापडेल. माझे भांडण निराळेच आहे. पीक कोणतेही असो, ते पिकवण्याची विद्या चोरट्या कुजबुजीत ढकलली की पिकाआधी माणसे नासतात, हे माझे म्हणणे. आणि याचा जितका ढळढळीत दाखला गांजाच्या शेतीत मिळतो तितका दुसऱ्या कुठल्याही पिकात मिळत नाही.

पण आधी साध्या वालाची गोष्ट सांगतो. आमचे मुर्धा गाव भाईंदरच्या पश्चिमेला, खाडीच्या काठी. शेजारी राई आणि मोर्वा. मिठागरांचा हा मुलूख. भाताची खाचरे आता थोडी उरली आणि इमारती फार झाल्या. तरी जुन्या घरांच्या परसात अजून वेल चढतात. आमच्या आळीत एका बाईंच्या मांडवावरचा वाल असा काही लगडायचा, की जाणारा-येणारा मान वर करून बघत राही. शेजारणीने बी मागितले. बाईंनी हसतमुखाने ओंजळभर दिले. एकही दाणा रुजला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मागितले, पुन्हा मिळाले, पुन्हा तेच. अखेर त्या घरच्या धाकट्या सुनेच्या तोंडून सत्य निसटले: सासूबाई बी देण्यापूर्वी तव्यावर शेकून देत असत! मग काय विचारता? ‘मना भाजलेलं बी दिलंस?’ या एका प्रश्नावर भर दुपारी जे रण माजले, ते साऱ्या आळीने ओट्यावर बसून ऐकले. दोघींच्या माहेरचा उद्धार झाला. संध्याकाळी तिसऱ्या घरची म्हातारी काठी टेकत आली, भाजणारीच्या घरात शिरली, राखेत घोळून ठेवलेल्या बियांचे मडके स्वतःच्या हाताने बाहेर आणले आणि मूठमूठ बी सबंध आळीत वाटून टाकले. वर राख का घालायची हेही सांगितले. राखेने बियांना भुंगा लागत नाही. त्यानंतर आळीत ज्याच्या त्याच्या मांडवाला वाल होता, आणि त्या दोघी बायका आज एकमेकींच्या नातवंडांना आंघोळी घालतात.

या भांडणात तीन गोष्टी होत्या, तिकडे माझे लक्ष आहे. भांडण मोठ्याने झाले. ते सर्वांनी ऐकले. आणि ते तोडायला एक म्हातारी होती. यांतली एक जरी गोष्ट काढून घेतली असती तरी तो शेकलेला वाल तीन पिढ्या पुरला असता.

खाडीकाठच्या शेतीत तर लपवाछपवी परवडतच नाही. खारजमिनीचा बांध एकट्याचा नसतो. भरतीचे पाणी अडवणारी उघाडी एखाद्याने बेपर्वाईने उघडी टाकली, की खारे पाणी त्याच्या एकट्याच्या नव्हे, साऱ्यांच्या खाचरांत शिरते, आणि पावसाने ते मीठ धुऊन नेईपर्यंत तिथे भात धरत नाही. म्हणून आमच्या वाडवडिलांनी शेजाऱ्याला आपली विद्या दिली. ते काही संत नव्हते. शेजारी अडाणी राहिला तर आपले शेत बुडते, एवढे त्यांना कळत होते.

गांजाचे झाडही अगदी याच जातीचे. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. गांजा म्हणजे मादीचे न फळलेले फुलोरे. नराचा पराग वाऱ्यावर स्वार होऊन बांध ओलांडतो. एका वावरात चार नर राहून गेले तर शेजारच्या वावरातले फुलोरे बियांनी भरतात आणि माल मातीमोल होतो. म्हणजे या पिकात आपली विद्या मुठीत झाकून ठेवणारा माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. ज्या काळी हे पीक उजळ माथ्याने घेतले जाई, त्या काळच्या शेतकऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. बंगालात राजशाही जिल्ह्यातल्या नौगावच्या ‘गांजा महाला’त पोद्दार नावाचा जाणता माणूस असे. फुलोऱ्याच्या दिवसांत तो शेतोशेत फिरे, नर ओळखी आणि मोडून टाकी. इंग्रजी अहवालांनी त्याला ‘गांजाचा डॉक्टर’ म्हटले आहे. पुढे १९१७ साली तिथल्या शेतकऱ्यांनी आपली सहकारी संस्था काढली, आणि तिच्या नफ्यातून शाळा आणि दवाखाने चालले. गांजाच्या पैशावर शाळा! माझ्यासारख्या मास्तराने यावर नाक मुरडावे की त्या शाळेच्या मुलांची हजेरी बघावी, याचा निवाडा वाचकांनी करावा.

आपल्याकडेही हे पीक काही अनोळखी नव्हते. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात होई. १८९३ साली इंग्रज सरकारने या विषयावर एक आयोग नेमला. त्याने देशभर हिंडून ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली खंडच्या खंड भरून अहवाल दिला. सरसकट बंदी नको, परवाने द्या, कर लावा आणि लागवड नजरेखाली ठेवा, असा त्याचा निष्कर्ष होता. इंग्रजांना आमच्या कल्याणाची कळकळ होती असे कुणी समजू नये. त्यांचा डोळा महसुलावर होता. पण महसुलासाठी का होईना, शेतकरी उजेडात राहिला.

तो अंधारात गेला १९८५ साली. त्या वर्षी अंमली पदार्थांचा जो केंद्रीय कायदा आला, त्याच्या २० व्या कलमाखाली या झाडाची लागवड करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच कायद्याने केलेल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पाने आणि बिया येत नाहीत. म्हणून शिवरात्रीच्या भांगेला अनेक राज्यांत वाट मोकळी राहिली. म्हणजे काशीतल्या देवळाबाहेर पाटा-वरवंटा चालतो आणि सातपुड्यात विळा. असो. माझा आक्षेप शिक्षेच्या वर्षांवर नाही. माझे बोट ४७ व्या कलमावर आहे. गावात अशी लागवड असल्याचे कळताच पंच, सरपंच आणि गावकामगार यांनी तत्काळ पोलिसांना वर्दी दिली पाहिजे, असे ते कलम म्हणते. ४६ व्या कलमाने जमिनीच्या धन्यावरही तेच बंधन घातले आहे.

आता हे कलम आमच्या वालाच्या भांडणाला लावून बघा. दोन शेतकरी आहेत. एकाने दुसऱ्याला हलके बी दिले, किंवा नर उपटले नाहीत, किंवा व्यापाऱ्याकडून घेतलेल्या पैशात खोट केली. भांडण तर होणारच. मातीत भांडणे उगवतातच. पण ते मोठ्याने करता येत नाही. ते कुणी ऐकायचे नाही. आणि जी म्हातारी काठी टेकत यायची, तिच्या पदरी पंचाचा मान असेल तर तिने निवाडा करायचा नाही, ठाण्यावर जायचे! मग दुखावलेल्या माणसाच्या हाती एकच हत्यार उरते. वर्तमानपत्रांतून आपण नेहमी वाचतो: धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, कधी तुरीत, कधी कपाशीत, कधी वनजमिनीवर दडवलेली गांजाची शेती ‘गुप्त माहिती’वरून उद्ध्वस्त केली, सोलापूर-सांगलीकडे उसात किंवा मक्यात सापडली. ही गुप्त माहिती काही आकाशवाणी नव्हे. पोलीस आपले काम करतात, त्यांना मी बोल लावीत नाही. पण बांधाला बांध असलेला कुणीतरी रात्री उठून जातो, आणि सकाळी शेजाऱ्याचे पीक जळते, शेजारी कोठडीत जातो, त्याची पोरे शाळेतून जातात. ज्या व्यापाऱ्याने बी दिले आणि उचल दिली, त्याचे नाव त्या बातमीत क्वचितच असते. आगीचे छायाचित्र मात्र छापून येते.

विद्येचे काय होते तेही बघा. अशा शेतकऱ्याला कृषी सहायकाकडे जाता येत नाही. पानावर डाग पडला तर ते पान कुणाला दाखवता येत नाही. मग व्यापारी देईल ते औषध फवारायचे, तो सांगेल तेवढे, आणि तो म्हणेल त्या भावाला द्यायचे. शहरातल्या बंद खोलीत दिवे लावून चार कुंड्या जोपासणाऱ्या हौशी पोरांची अवस्था याहून वेगळी नाही. तिथेही एक जण ‘मला गुपित ठाऊक आहे’ म्हणून मिरवतो, नवखा काही विचारू लागला तर सगळे मिळून त्याची टर उडवतात, आणि कुणाची चूक कुणी उघडपणे दुरुस्त करीत नाही. मास्तरकीच्या अनुभवाने सांगतो: ज्या वर्गात प्रश्न विचारणाऱ्याला हसतात, त्या वर्गात शहाणा मुलगासुद्धा ढ होतो.

याच्या उलट, उघड्यावरच्या शेतीकडे पाहा. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६० साली निघाला. द्राक्ष म्हणजे खर्चिक, नाजूक, रुसव्या स्वभावाचे पीक. ते आपल्या कोरड्या तालुक्यांत रुजले, याचे एक मोठे कारण हे की बागाईतदार एकमेकांच्या बागेत गेले, छाटणी बघितली, वाद घातले, चुका चव्हाट्यावर मांडल्या. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, त्याची रीतही हीच: प्रत्येकाने आपल्या रानात प्रयोग करावा आणि फळ काय आले ते बाकीच्यांना पत्राने, भेटीने, बैठकीत सांगावे. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी निवडलेले ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांचे ‘सोनाका’ हे वाण याच मातीतून आणि याच मोकळ्या हवेत निघाले.

यावर कुणी म्हणेल, मास्तर, मूठ उघडणाऱ्याचे हाल तुम्ही लपवता. मुळीच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या खाचरात वेगळ्या दिसलेल्या धानाच्या काही लोंब्या जपल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून ‘एचएमटी’ हा तांदूळ सिद्ध केला. मनगटी घड्याळाच्या नावाचा तो बारीक तांदूळ आपण सर्वांनी खाल्ला आहे. बी त्यांनी मागेल त्याला दिले. पुढे कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्यावरून ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित केले, आणि श्रेय कुणाचे यावर बराच वाद झाला. २०१८ साली दादाजी गेले. शेवटचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. हे लांच्छन आहे, आणि ते मी झाकणार नाही. पण दादाजींचे नाव आज आपल्याला का ठाऊक आहे? त्यांनी बी उघडपणे दिले, शेकडो शेतकऱ्यांनी ते कुणाकडून आले हे पाहिले, आणि वाद उभा राहिला तेव्हा साक्षीला गाव होते. सातपुड्यातल्या एखाद्या भिल्ल म्हाताऱ्याने एखादा उत्तम वाण निवडला असेल, तर त्याच्या बाजूने साक्ष द्यायला कोण पुढे येईल? साक्षीदारच आरोपी व्हायचा.

आणि गंमत अशी की बी आणि विद्या वाटणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, असे आपल्याच संसदेने लिहून ठेवले आहे. २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा अधिकार दिला. फक्त कंपनीच्या छापाचे बी म्हणून ते विकायचे नाही. १९८५ च्या कायद्यातही तंतूसाठी, बियांसाठी किंवा बागाईतीसाठी या झाडाची लागवड करायला सरकार परवानगी देऊ शकते, असे १४ वे कलम आहेच. उत्तराखंडाने २०१८ साली तंतूच्या लागवडीचा परवाना दिला. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात हे झाड अतिघातक पदार्थांच्या यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताचा हात बाजूने वर होता. तिकडे व्हिएन्नात हात वर करायचा आणि इकडे शिरपुरात डोळे मिटायचे, हा कुठला न्याय?

माझे मागणे फार मोठे नाही. चिलमी वाटा असे मी म्हणत नाही. १४ वे कलम कागदावरून उचलून जमिनीवर आणा. तंतूसाठी, औषधासाठी जिथे हे पीक घेता येईल तिथे परवान्याने, मोजून, सातबाऱ्यावर नोंद करून घेऊ द्या. कृषी विद्यापीठाचा माणूस त्या बांधावर उभा राहू द्या. आणि ४७ व्या कलमाने पंचाला जे नुसते खबऱ्याचे काम दिले आहे, ते परवान्याच्या रानापुरते तरी काढून त्याला पुन्हा पंच होऊ द्या.

ही मागणी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. २०२१ च्या ऑगस्टात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना रीतसर अर्ज केला: कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा माझ्या दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी. उत्तरासाठी त्याने १५ सप्टेंबरची मुदतही घातली होती. अर्ज पोलिसांकडे पाठवण्यात आला, आणि पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटले. चोरून पेरणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला आपला पत्ता, आपले क्षेत्र आणि आपली तारीख कळवल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे काय?